दुधाळ रक्त आणि बावड्याची किटली

तुमच्या घरातल्या माणसाला धाप लागायला लागली, तर तुम्ही त्याला आधी तपासायला नेता, की आधी खाऊ घालता?

उत्तराची घाई करू नका. आमच्या घराला कुणी विचारलं असतं, तर आम्हीही छातीठोकपणे सांगितलं असतं की तपासायला नेतो. प्रत्यक्षात आम्ही खाऊ घातलं. मायेनं, आग्रहानं, तुपाची धार धरून. मी त्यातून उठले. माझ्या धाकट्या बहिणीचं, वर्षाचं, अजून काही सांगता येत नाही. म्हणून सगळं सुरळीत व्हायची वाट न बघता हे लिहायला बसले आहे.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, नरसिंहपूरच्या बाजूला. वडील, म्हणजे आमचे आबा, गावात दूध संकलन केंद्र चालवतात. लोक सकाळ-संध्याकाळ दूध घेऊन येतात, त्यातला नमुना यंत्रात जातो, यंत्र फॅट सांगतं आणि फॅटवर भाव ठरतो. त्यामुळं फॅट हा शब्द आमच्याकडं आदरानं उच्चारतात. बाळसं धरलेलं पोर दिसलं की केंद्रावरची माणसं म्हणतात, "फॅट चांगलं लागलंय की!" आणि माझ्यासारखी किडमिडीत पोरगी दिसली की, "आबा, हितं पाणी कुणी घातलं?"

आबा तरुणपणी दूधदराच्या आंदोलनात होते. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. अन्याय कुणावर होतोय, कोण करतंय आणि उद्या सकाळी आपण काय करायचं, एवढं एका पानात सांगायचं. पुढं मीही तशीच पत्रकं लिहू लागले, सभांतून बोलू लागले. लग्नाचं वय झालं तरी मी गावोगाव भाषणं करत फिरते, याचा आईला घोर होता. वर्षाचं लग्न माझ्याआधी झालं. ती बावड्यात नांदते. नवरा, संतोष दाजी, लोणी देवकरला कंपनीत कामाला आहेत.

आमच्या घरात एक रीत आहे. लेकीला दिवस गेले की गोठ्यातली सगळ्यात जास्त फॅटची म्हैस तिच्या नावची करायची. त्या म्हशीचं दूध केंद्रात घालायचं नाही, ते लेकीचं. वर्षाला दिवस गेले तेव्हा आबांनी सगळ्या म्हशींचं दूध यंत्रात घालून बघितलं आणि मोरी म्हैस तिच्या नावची केली. रोज सकाळी दुधाच्या गाडीबरोबर मोरीच्या दुधाची किटली बावड्याला जाऊ लागली. गाडीवाला हाक मारायचा, "वर्षाताईची किटली झाली का?" सगळ्या गावाला त्या हाकेचं कौतुक होतं.

वाक्य संपेना

इंदापूरच्या एका सभेत मी बोलत होते. विषय नेहमीचाच, दुधाचा भाव. मी हात वर केला, वाक्य सुरू केलं आणि ते संपेचना. हवा आत येत होती, पण तिचा उपयोग होत नव्हता. हे ज्याला झालं नाही त्याला समजावणं अवघड आहे. नाक मोकळं, घसा मोकळा, छाती भरतेय, आणि तरी जीव गुदमरतोय.

समोरून कुणीतरी ओरडलं, "ताई, दुधाच्या भावासारखा आवाज पडला की तुमचा!"

लोक हसले. मीही हसले आणि खाली बसले. आबांनी पाण्याची बाटली पुढं केली.

"भ्यालीस व्हय?"

"न्हाय आबा. दम लागलाय."

"बसल्या जागी?"

त्या आधी काही महिने जिना चढताना थांबावं लागत होतं. डोकं जड राहायचं, साधी नावं आठवायची नाहीत. दोन्ही कोपरांवर पिवळे, बारीक फोड आले होते. दुखत नव्हते, खाजत नव्हते. आई म्हणाली, घामोळं असेल. थंडीत घामोळं कसलं, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही.

खाऊन आलात

आईनं उपचार सुरू केले. तिच्या मते दम लागतो तो अंगात ताकद नसते म्हणून. सकाळी साय घातलेलं दूध, दुपारी भाकरीवर तुपाचा गोळा, संध्याकाळी पायाचा रस्सा. एका शेजारणीची म्हैस व्याली तर तिनं चीक पाठवला. मी जितकी दमायचे, तितकी तुपाची धार जाड व्हायची. मला अन्नाची शिसारी यायला लागली होती, पण ताट मागं सारलं की आईच्या डोळ्यांत पाणी.

"एवढं खाऊन जातं कुठं गं तुझं?" ती म्हणायची.

ते कुठं जात होतं हे आता मला माहीत आहे. ते रक्तातच राहत होतं.

आबांनी मला लॅबमध्ये रक्त तपासायला नेलं. तिथल्या माणसानं नमुना घेतला आणि संध्याकाळी फोन केला, "नमुना खराब झाला. ताई खाऊन आल्या होत्या. उद्या उपाशी पाठवा."

मी खाऊन गेले नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी पाण्याचा घोटही न घेता गेले. पुन्हा तोच फोन. या वेळी तो वैतागला होता.

"दूध पिऊन येता आणि आमचं काम वाढवता. नमुना पांढराफटक आलाय. यंत्र वाचंना."

"अवो, पोरगी उपाशी हाय सकाळपासनं," आबा म्हणाले.

"चोरून पिली असंल. दुधाचंच घर हाय न्हवं तुमचं?"

आबा हसले. त्यांना तो विनोद वाटला. मलाही वाटला. घरी येऊन आबांनी तो आईला सांगितला आणि आईनं समाधानानं मान हलवली, "म्हंजी दूध लागू पडतंय."

दोन नमुने फेकून दिले गेले. माझा आजार त्या दोन्ही नळ्यांत उघड्या डोळ्यांना दिसेल असा बसला होता, आणि त्याला खराब नमुना ठरवून टाकून दिलं. यंत्राला वाचता येत नाही म्हणजे नमुनाच खोटा, असं मानणाऱ्या प्रत्येकाला मला विचारायचं आहे: "रक्त पांढरं आलं" एवढं एका चिठोऱ्यावर लिहून द्यायला काय अडचण होती?

बारामती

शेवटी एका सकाळी मला उठून चूल ते दार एवढं चालता येईना. ओठ निळसर दिसायला लागले. आबांनी गाडी काढली आणि आम्ही बारामतीच्या मोठ्या दवाखान्यात गेलो.

तिथल्या डॉक्टरबाई वयानं फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी माझी बाही वर सारली, कोपर बघितलं. मग बारीक दिवा घेऊन डोळ्यांत पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. तो वेळ मला अजून आठवतो, कारण त्यांचा श्वास माझ्या गालावर येत होता आणि मला त्याचा हेवा वाटत होता.

रक्त घेतलं. हृदयाची सोनोग्राफी झाली. थोड्या वेळानं डॉक्टरबाई स्वतः नळी घेऊन आल्या आणि आबांच्या समोर उभी धरली. खाली लालसर थर बसला होता. वर, अर्ध्याहून जास्त, पांढरं. दाट, मऊ, तकतकीत पांढरं.

आबांनी आयुष्यभर फॅट बघितलं आहे. त्यांनी नळीकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ही तर साय हाय."

"चरबी आहे. तुमच्या मुलीच्या रक्तात," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्यांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. फुफ्फुसात केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं. रक्त त्यातून एकामागं एक, रांगेनं जातं आणि जाताना हवा उचलतं. माझ्या रक्तात चरबीचे इतके थेंब साठले होते की ते घट्ट झालं होतं. रांग अडत होती. मी घेतलेली हवा छातीपर्यंत पोचत होती, पण ती उचलून नेणारं रक्तच पुढं सरकत नव्हतं. ते पुढं ढकलायला हृदयाची उजवी बाजू जोर लावत होती आणि फुफ्फुसाच्या मोठ्या नळीतला दाब वाढत चालला होता.

आबा म्हणाले, "चारीत गाळ भरला की मोटर तापती, तसं."

"तसंच. मोटर जळायच्या आधी आलात. पण फार आधी नाही." मग त्या माझ्याकडं वळल्या. "हे नुसतं तुपानं होत नाही. काहींच्या शरीराला जन्मतःच ही चरबी मोडता येत नाही. तूप-दूध त्यात भर घालतं. भावंडं आहेत?"

"एक बहीण आहे. सहावा संपून सातवा लागलाय तिला."

त्यांच्या हातातलं पेन थांबलं.

"तिचं रक्त कधी तपासलंय? चरबीसाठी?"

"न्हाय," आबा म्हणाले.

"गरोदरपणात ही चरबी आपोआप वाढते. तिलाही हेच असेल तर स्वादुपिंड सुजतं. आई आणि बाळ, दोघांच्या जिवावर येतं. तिला आज बोलवा. उद्या नको, आज. आणि तोवर तूप, दूध, तळलेलं, सगळं बंद करायला सांगा."

मी आईकडं बघितलं. आई खिडकीबाहेर बघत होती.

न्यूमोनिया

मला दाखल करून घेतलं. नाकाला प्राणवायूची नळी, हाताला सलाइन आणि पहिले काही दिवस तोंडात जवळपास काही नाही. मग भाताची पेज, बिनफोडणीचं वरण, उकडलेला दुधी. सकाळी सिस्टर यायच्या, बोटाला चिमटा लावायच्या, आकडा बघायच्या आणि काही न बोलता पुढं जायच्या. त्या बोलल्या नाहीत की मला भीती वाटायची. बोलल्या की जास्त वाटायची. डोळे मिटले की वाटायचं, छातीत दह्याचं विरजण लागतंय.

शेजारच्या खाटेवर जनाक्का नावाची म्हातारी होती. तिला दम्याचा त्रास. तिनं माझ्या रक्ताची नळी पाहिली होती.

"पोरी, माझं रगात बघितलंस का? काळं, कोऱ्या चहावाणी. तुझं दूध. दोघी मिळून हाटेल टाकू!"

हसताना मला ठसका लागला, सिस्टर ओरडल्या आणि जनाक्का तोंडावर पदर घेऊन पडून राहिली. पुढं मला माशाच्या तेलाच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा ती पुन्हा उठून बसली, "गोळीत मासा? मग रस्सा कुठाय?" त्या वॉर्डात मला मिळालेली दया एवढीच होती, आणि ती पुष्कळ होती.

आईनं मात्र सगळ्यांना सांगितलं होतं की मला न्यूमोनिया झालाय. नातेवाइकांना, गावाला, वर्षाला. माझा फोन तिनं आपल्या पिशवीत ठेवला होता. मला चार शब्दांच्या पुढं बोलता येत नव्हतं.

"आई. वर्षाला. सांग."

"सांगते की. जरा बरी हो."

"आज."

तिनं इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या कानाशी वाकली. "अगं, काय सांगू? आमच्या रक्तात खोट हाय म्हणून सांगू? त्या माणसांनी काय म्हणायचं? फशिवलं म्हंतील. तुझं तर राहिलंच हाय. तिचं तरी नांदतं राहू दे."

मला तिचा राग आला, अजूनही आहे. पण तिला हे कुणी शिकवलं तेही मला माहीत आहे. लेकीचा आजार म्हणजे मालाची खोट, हे तिनं शोधून काढलेलं नाही. तुम्ही-आम्ही सगळ्यांनी मुली बघायला जाताना, "घरात काय आजार-बिजार न्हाय ना?" असं विचारून तिला ते पाठ करून दिलं आहे. रक्तात चरबी साठणं हा गुन्हा नाही. ते लपवायला लावणारा सोयरिकीचा बाजार मात्र आहे.

"निदान किटली," मी म्हणाले, "किटली थांबव."

आईनं माझं पांघरूण सारखं केलं. म्हणाली, "किटली थांबवली तर विचारतील, का थांबवली."

आणि किटली जात राहिली. मी खाटेवर पडून वरच्या पंख्याकडं बघायचे आणि सकाळ झाली की मला कळायचं, आता मोरीची धार काढली असेल, आता किटली गाडीत ठेवली असेल, आता बावड्यात वर्षाच्या दारात हाक गेली असेल. माझी लाडकी बहीण, तिला दुधावरची साय आवडायची. ती साय बोटानं काढून खाताना मला दिसायची.

आबा बावड्याला जाऊन आले

मी आबांना गाठलं. म्हटलं, "तुम्ही सांगा. तुम्ही आयुष्यभर लोकांना सांगत आलात."

आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मी जातो. समोरासमोर सांगतो. फोनवर नको."

ते गेले तेव्हा मला पहिल्यांदा झोप लागली. मी दुपारभर झोपले. ते परत आले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशाला कुंकू लागलं होतं आणि हातात पुडी होती.

"सांगितलं?"

त्यांनी पुडी टेबलावर ठेवली. आत पेढे होते.

"डोहाळजेवण होतं आज," ते म्हणाले. "मला ठावं न्हवतं. आईनं तुला सांगितलं न्हाय, तू आजारी म्हणून. हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा बांधलेला. साऱ्या गल्लीतल्या बाया. एकेक जण येऊन घास भरवत हुती. विहीणबाई मला म्हणाल्या, बघा दादा, तुमच्या किटलीचा मुखडा कसा झालाय."

"आणि तुम्ही?"

"मी बी भरवला." आबांनी पुडी बंद केली. "पेढा. ती म्हणाली, आबा, तुमच्या हातचा पायजे."

हजारो माणसांसमोर न अडखळणारा माणूस माझ्या खाटेशेजारी स्टुलावर बसून आपल्या बोटांकडं बघत होता.

जनाक्कानं भिंतीकडं तोंड करून घेतलं.

कोपर

दोन दिवसांनी वर्षाच मला भेटायला आली. न्यूमोनिया झालेल्या बहिणीला. बरोबर तिच्या सासूबाई, त्यांना आम्ही मावशी म्हणतो. मावशींच्या हातात डबा होता. झाकण काढलं तसा तुपातल्या शिऱ्याचा वास सगळ्या वॉर्डात गेला.

"खा गं पोरी," मावशी म्हणाल्या. "काय ही दशा! हाडं मोजून घ्यावीत."

वर्षा माझ्या पायाशी बसली. गोल चेहरा, हातात हिरवा चुडा. "आक्का, तू नव्हतीस. मला सारखी तुझी आठवण येत हुती."

"तू. बरी आहेस?"

"मला काय झालंय? जरा पोट दुखतंय वरच्या बाजूला. पाठीत जातंय. मावशी म्हंत्यात गॅस हाय."

आई पुढं झाली. "व्हय व्हय, सातव्यात हुतंच. चल, तू बस निवांत, मी चहा..."

वर्षानं माझ्या कपाळावरचे केस सारायला हात उचलला. चुडा खाली घसरला, बाही वर गेली. तिच्या कोपरावर पिवळे, बारीक फोड होते. माझ्यासारखेच.

मी प्राणवायूची नळी काढली. सिस्टर धावल्या, मी त्यांना हातानं थांबवलं.

"मावशी," मी म्हणाले. एकेक शब्द काढून म्हणाले. "मला न्यूमोनिया नाही. माझ्या रक्तात. चरबी आहे. हिच्याही आहे. हा बघा. फोड. हिचं पोट. गॅस नाही. डॉक्टरबाईंना बोलवा. आत्ता."

आई मागं सरकली.

मावशींनी डबा टेबलावर ठेवला. त्यांनी वर्षाचा हात धरून कोपर उजेडात नेलं, मग माझं कोपर बघितलं. मग आईकडं वळल्या. मला वाटलं आता त्या म्हणतील, आम्हाला फसवलं. आईलाही तेच वाटलं असणार, कारण तिनं पदर तोंडावर घेतला होता.

मावशी म्हणाल्या, "विहीणबाई, कवापासनं ठावं हाय?"

आबा दारात उभे होते, तेच म्हणाले, "ही दवाखान्यात आली त्याच दिवसापासनं."

"आन् आमाला न्हाय सांगितलं?"

"तुमी काय म्हणाल, म्हणून..."

"मी काय म्हणाले असते?" मावशींचा आवाज चढला. सगळा वॉर्ड बघू लागला. "मी म्हणाले असते, घाला गाडीत आन् चला! आवो, रोज ती किटली मी माझ्या हातानं तापवत हुते. दारात आलेलं दूध मी तसंच माघारी धाडलं असतं! मला एक शबूद कुणी बोललं न्हाय!"

पिशवी

वर्षाचं रक्त तिथंच घेतलं. नळी उभी केल्यावर काय दिसणार ते आम्हाला ठाऊक होतं. माझ्यापेक्षा पांढरं.

संध्याकाळपर्यंत पोटातली कळ इतकी वाढली की ती गुडघे पोटाशी घेऊन ओरडायला लागली. स्वादुपिंड सुजलं होतं. तिला अतिदक्षता विभागात नेलं. तिथं यंत्रानं तिचं रक्त बाहेर काढून, त्यातलं चरबीचं पाणी वेगळं करून, बाकीचं परत आत सोडत होते. मला चाकाच्या खुर्चीवरून काचेपर्यंत नेलं. यंत्राखाली एक पिशवी लटकत होती. ती भरत होती. बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, दुधाची पिशवी आहे.

आबा काचेला हात लावून उभे होते. ते पिशवीकडं बघत नव्हते. ते खाली फरशीकडं बघत होते.

पुढं बाळाचे ठोके मंदावले म्हणून ऑपरेशन करून त्याला बाहेर काढलं. मुलगी आहे. ओंजळीत मावेल एवढी. ती काचेच्या पेटीत आहे आणि तिच्याही छातीवर तारा आहेत. तिचं रक्त पुढं तपासणार आहेत. मी त्याची वाट बघते आणि बघायला घाबरते.

वर्षाची सूज ओसरतेय असं म्हणतात. पण तिच्या फुफ्फुसाला हे सगळं झेपलेलं नाही. ऑपरेशनपासून लावलेलं श्वासाचं यंत्र काढायचा प्रयत्न एकदा झाला आणि पुन्हा लावावं लागलं. डॉक्टरबाई रोज एकच शब्द सांगतात, "बघू." मी त्यांच्यावर रागावत नाही. खोटं बोलण्यापेक्षा "बघू" बरं.

आता

मला घरी सोडलं आहे. गोळ्या चालू आहेत. ताटात तेल-तूप जवळपास नाही आणि बहुतेक जन्मभर नसेल. पुन्हा तपासणी झाली तेव्हा रक्त लाल दिसलं. सिस्टरनी नळी माझ्यापुढं धरली आणि मी त्यांच्या हाताचा मुका घेतला. फुफ्फुसातला दाब खाली आलाय, पुरता नाही. जिना चढते, मध्ये एकदा थांबते.

आई माझ्यासाठी बिनतेलाची भाजी करते. चांगली करते. करताना बोलत नाही. परवा तिनं भाकरी थापता थापता एकदम विचारलं, "त्या दिवशीच फोन केला असता, तर?"

मी तिला खोटा दिलासा दिला नाही. म्हटलं, "तर तिला तपासलं असतं, आई. एवढंच मला ठाऊक आहे."

ती पुन्हा भाकरी थापायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच एसटीनं बारामतीला गेली आणि मावशींच्या शेजारी बाकावर जाऊन बसली. आता त्या दोघी पाळीपाळीनं बसतात. मावशी तिच्याशी अजून नीट बोलत नाहीत. पण आपल्या डब्यातली अर्धी भाकरी तिच्याकडं सरकवतात.

आता तुम्ही. तुमच्याकडं कुणाचा नमुना "दुधाळ" म्हणून फेकला गेला असेल, तर परत जा आणि तो शब्द कागदावर लिहून मागा, मग मोठ्या डॉक्टरला दाखवा. कोपरावर, गुडघ्यावर असे पिवळे फोड असतील, बसल्या जागी दम लागत असेल, तर तुपानं ताकद येईल म्हणून थांबू नका.

आणि ज्यांना हा आजार आहे हे आधीच कळलंय, त्यांना माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या सख्ख्या भावाला, सख्ख्या बहिणीला तुम्ही सांगितलंय का? सांगितलं नसेल तर हा कागद खाली ठेवा आणि फोन लावा. सणाची, कार्यक्रमाची, योग्य वेळेची वाट बघू नका. बहीण सासरी असेल तर तिला सांगून झाल्यावर म्हणा, "आता फोन सासूबाईंकडं दे." आणि त्यांनाही तेच, तसंच, खरं सांगा.